सिंह मध्यंतरानंतर येतात

ताई,

घरात पाऊल टाकल्यावर घाबरू नकोस, चोरी झालेली नाही. शिलाई मशीन मीच नेलंय. जेवण झाकून ठेवलंय, आधी जेव.

शाळेच्या नाटकाचे कपडे आज सकाळी द्यायचे होते ना? रोज काय शिवायचं ते महिनाभर आधी ठरवलं होतं, तरी उठून बघते तर कोंबड्या तयार आणि सिंह नुसतेच कापलेले! कापडाच्या ढिगात बसून भोकाड पसरलं, तेवढ्यात नाटकाच्या बाई दारात हजर. म्हटलं, "बाई, माझ्याच्यानं नाही झालं."

तर त्या खो खो हसायला लागल्या. "अगं वेडे, सिंह मध्यंतरानंतर येतात! मशीन घे आणि चल, पडद्यामागे बसून शिव. दरवर्षी कुणीतरी असंच शिवत बसतं."

ताई, जीव कसा पिसासारखा हलका झालाय! त्यांच्या गाडीतून निघालेय.

काल ड्यूटीवर जाताना तू "शेपट्या मी लावू का?" म्हणालीस आणि मी तुझ्यावर खेकसले. तुझं तोंड एवढंसं झालेलं दिसलं, तरी मशीन चालवतच राहिले. सगळं एकटीनं करून दाखवायचा हट्ट, दुसरं काय! चुकलं माझं.

आता छान झोप काढ आणि दुपारी शाळेत मागच्या दारानं ये. शेपट्या तुझ्यासाठीच ठेवल्यात. टाका वाकडा गेला तरी चालेल, आमचे सिंह एका जागी उभे राहतात थोडेच!

तुझी,
धाकटी