दोष कुणाचाच नाही

४ जानेवारी
मुलाने काल सांगितलं. जेवण झाल्यावर, बेसिनपाशी, माझ्याकडे पाठ करून. फ्लॅटमध्ये सोबत राहणारा मित्र हा नुसता मित्र नाही म्हणे. चार वर्षं झाली. मी म्हटलं, बरं. आधी नळ बंद कर.

एकूण मी ते नीट पचवलं. रडले नाही, देवाला मध्ये आणलं नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता घरात मोठं माणूस मीच. शाळा सातवीत सुटली पण वाचन सुटलं नाही. न वाचता मत ठोकणाऱ्यांतली मी नव्हे. या विषयाचा रीतसर अभ्यास करायचा.

मार्चअखेर ते दोघं नव्या घरात जाणार आहेत. त्याआधी त्याला एकदा घरी बोलाव, म्हणाला. नाही बोलावलंस तरी मी येतच राहीन, पण मग एकटाच येईन, आणि किती दिवस येईन माहीत नाही. असं काहीतरी. भरपूर वेळ आहे. अभ्यास पुरा झाला की जेवायलाच बोलवीन. अर्धवट ज्ञानावर माणसाला जेवायला घालू नये.

९ जानेवारी
लायब्ररीतून तीन पुस्तकं आणली. लायब्ररीतल्या बाईंनी आधी पुस्तकाचं नाव वाचलं, मग माझं तोंड. मी म्हटलं, नातवाचा प्रोजेक्ट आहे.
मला नातू नाही. होणारही नाही बहुतेक. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१२ जानेवारी
मेंढे! शंभरातले आठेक मेंढे, समोर माद्या असल्या तरी दुसऱ्या मेंढ्याकडेच जातात. शास्त्रज्ञांनी नीट निरीक्षण केलंय. मेंदूतला एक बारीकसा भागसुद्धा त्यांचा वेगळा निघाला. त्या मेंढ्यांना कुणी बिघडवलेलं नाही. त्यांच्या आयांनी त्यांना लाडावून ठेवलं असंही कुठे लिहिलेलं नाही. दोनदा तपासलं.
खूप हलकं वाटलं.
लगेच मुलाला फोन करून ते सबंध पान वाचून दाखवलं. ऐकून घेतलं त्याने. शेवटी म्हणाला, आई, तू जेवलीस का? मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

१९ जानेवारी
मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला असते. कपड्यांवरून माणूस ओळखते. कुणाची नोकरी गेली, कुणी दारू सोडली, कुणाकडे पाहुणी राहून गेली, सगळं कॉलरला नि कफला लिहिलेलं असतं. फक्त वाचता यायला हवं.
मुलगा त्याचे शर्ट आमच्याकडेच टाकतो. आज टॅग लावताना पाहिलं. निम्मे चाळीस नंबरचे, निम्मे बेचाळीस. नेहमीच तसे असतात. म्हणून तर मी त्याच्या मागे लागायचे, की वजन असं वरखाली होऊ देऊ नकोस, रक्त तपासून घे. बिचाऱ्याने दोनदा तपासूनही घेतलं.
मालकीणबाई म्हणाल्या, अहो, दोन माणसांचे आहेत ते. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, म्हणून एकाच पावतीवर घेता. आणि हसल्या.
माझं निरीक्षण अचूक होतं. निष्कर्ष तेवढा राहिला.

२ फेब्रुवारी
आजचं वाचन अवघड. कुठलं एकच जनुक सापडलेलं नाही. बरीच जनुकं, प्रत्येकाचा हात थोडा थोडा. काही जन्माआधीचं. संगोपनाचा संबंध मात्र दिसत नाही. हे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं. लायब्ररीचं पुस्तक आहे, पण वाक्य महत्त्वाचं आहे.
पुढे असं की, ज्याला थोरले भाऊ असतात त्याच्यात हे असण्याची शक्यता जरा वाढते. आईच्या पोटात आधी मुलगा राहून गेलेला असतो, त्याची काही खूण तिचं शरीर धरून ठेवत असेल, असा एक अंदाज. सिद्ध झालेलं नाही, असंही प्रामाणिकपणे लिहिलंय.
आमचा पहिला नाव ठेवायच्या आधीच गेला. त्याचा फोटो नाही. ह्यांच्याशिवाय कुणी त्याचा विषय काढत नसे, आता तेही नाहीत. माझ्या शरीराने त्याला लक्षात ठेवलं असेल म्हणतात. चला, कुणीतरी ठेवलं.
आज एवढंच पुरे.

८ फेब्रुवारी
मुलाचा फोन. कधी बोलावतेस त्याला? मी म्हटलं, समुद्रपक्ष्यांचं प्रकरण राहिलंय. एका बेटावर दोन दोन माद्या मिळून पिल्लं वाढवतात, आणि बऱ्यापैकी वाढवतात. तो म्हणाला, आई, तो ऑफिसातून सहाला सुटतो, त्याला वांगं आवडत नाही, एवढंच प्रकरण आहे. मी म्हटलं, असं कसं, मुळातून समजून घ्यायला नको?
उतावळा आहे. ह्यांच्यासारखा.

२३ फेब्रुवारी
नवा विचार. आधी घरच्यांची मनं तयार करायची, मग त्याला बोलवायचं. म्हणजे त्यालाच त्रास होणार नाही. सुरुवात नणंदेपासून. तिला पटलं की सगळ्या गोतावळ्याला आपोआप कळतं, फोन करायचा खर्च वाचतो.
बागेतल्या तळ्यावर दोन हंस आहेत. वॉचमन म्हणाला, दोघे नर आहेत, कायम जोडीने असतात. पुस्तकातही तसंच आहे. तर वन्संना सहज म्हणून फिरायला न्यायचं, सहज म्हणून हंस दाखवायचे, नि सहज विषयावर यायचं. पुस्तकापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं लवकर पटतं.

१ मार्च
वन्संना नेलं. बाकावर बसवलं. म्हटलं, बघा, दोघे नर, पण कसे एकमेकांना धरून आहेत. निसर्गात असं सर्रास असतं. त्या म्हणाल्या, वहिनी, हे तुम्ही मला का सांगताय? मी म्हटलं, सहज.
जवळून दाखवायला काठाशी गेलो, तर एक हंस गवतात बसलेला, उठेचना. दुसरा मान लांब करून अंगावर धावला. बदलीचा वॉचमन ओरडत आला, बाई, मागे व्हा, अंडी घातलीत तिने!
परत निघालो. कोपऱ्यावर आल्यावर वन्सं म्हणाल्या, तुमचे नर मोठे गुणी हो, वहिनी. आणि घरापर्यंत हसत राहिल्या.
मुलाचं काही सांगितलं नाही. तसा मूडच राहिला नव्हता. एक उदाहरण फसलं म्हणून शास्त्र खोटं पडत नाही. वॉचमनवर विसंबायला नको होतं.

११ मार्च
मुलगा दुकानात आला, शर्टांची पिशवी घेऊन. गिऱ्हाईक नव्हतं. मी त्याला धीर दिला. म्हटलं, मी वाचन केलंय म्हणून मला झेपलं. हे असते तर त्यांना सोसलं नसतं. एका परीने सुटले.
त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. म्हणाला, बाबांना माहीत होतं.
पहिल्यापासून म्हणे. त्याने आधी त्यांनाच सांगितलं होतं. शनिवारी हे लांब फिरायला म्हणून जायचे, ते ह्या दोघांकडे जायचे. तिघं पत्ते खेळायचे. तिथेच जेवायचे. हे पत्त्यांत लबाडी करायचे आणि त्या मुलाने पकडलं की खूश व्हायचे.
शनिवारी घरी आल्यावर हे भूक नाही म्हणायचे. मी ते दुखण्याचं लक्षण धरलं होतं. डॉक्टरांना तसं सांगितलंही होतं. त्यांनी लिहून घेतलं.
मला का नाही सांगितलं, विचारलं. मुलगा टॅगच्या डब्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, बाबा म्हणायचे, तिला सांगू सावकाश. आत्ता सांगितलं तर ती पुस्तकं आणेल.
एक बाई सुटाची पावती घेऊन आल्या. पावती हरवल्यासारखी मी बराच वेळ शोधत बसले. पावती त्यांच्याच हातात होती.

१२ मार्च
मी चिडलेले नाही. हे साधे होते, कुणाच्याही बोलण्यात यायचे. शिवाय पत्त्यांचा नाद पहिल्यापासून.
शनिवारी मी ह्यांच्यासाठी खिचडी टाकायचे, हलकी म्हणून. ते दोन घास खायचे. माझं मन राखायला खात असणार. पोट भरलेलं असताना.
आज ह्यांचा फोटो पुसला नाही.

२० मार्च
नव्या घरी पुढच्या रविवारी बोलावलंय. त्याला इकडे बोलवायचं राहिलं, पण आता थेट तिथेच जायचं म्हणजे सगळं एकदमच होईल. चार शब्द बोलायचे ठरवलेत. मेंढे, समुद्रपक्षी, जनुकं, शेवटी माझं स्वतःचं. हंस वगळले. आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटचं वाक्य चांगलं जमलंय: यात दोष कुणाचाच नाही. हे ऐकून सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. मुलगा पाया पडेल असं वाटतं. पडू देणार नाही, वरच्यावर उचलून घेईन.

२९ मार्च
जाऊन आले.
तिसरा मजला. दार त्याने उघडलं. बेचाळीस नंबर. निळ्या रेघांचा शर्ट, मीच इस्त्रीला दिलेला. काकू, या ना, म्हणाला. मी हो म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावरून आत बघत आत गेले. त्याची आई गावाहून आली होती, ओट्यापाशी घाम पुसत होती. शेजारचं एक जोडपं होतं.
सगळे बसल्यावर मी उभी राहिले. मेंढ्यांवर बोलले. शेजारीण नवऱ्याकडे बघू लागली. पक्ष्यांवर बोलले. मग पहिल्या बाळाचंही सांगितलं, सगळ्यांसमोर, न थांबता. मुलाला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या हातातली बशी तशीच राहिली. मी म्हटलं, तेव्हा यात दोष कुणाचाच नाही. माझाही नाही.
त्याच्या आईने आतून घाबरून विचारलं, कसला दोष? भिंतीला ओल आहे का? घेताना तर नीट बघून घेतलं होतं ना रे?
शेजारी हसला. मग तो मुलगाही हसला. माझा हसला नाही.
टॅक्सीपर्यंत सोडायला आला. लिफ्टमध्ये म्हणाला, आई, दोष दोष काय गं सारखं? कुणी विचारलं होतं? तू त्याच्याशी एक अक्षर बोलली नाहीस. पाणी त्याने दिलं तेही तू माझ्याकडे बघून घेतलंस. मी म्हटलं, बोलणारच होते, जेवताना. तो म्हणाला, मग थांब जेवायला, चल वर. मी म्हटलं, उशीर होईल.
टॅक्सीचं दार त्याने हळू लावलं. नीट लागलं नाही. मी पुन्हा लावून घेतलं.
बाळाचं काही बोलला नाही. शर्ट आता जवळच्या लाँड्रीत टाकतो म्हणाला, इकडून लांब पडतं. बरोबरच आहे.

७ एप्रिल, दुपार
अनोळखी नंबर. बाईचा आवाज, मोठ्याने, गावाकडे बोलतात तसा. विहीणबाई आहेत का?
मी म्हटलं, कोण विहीणबाई?
ती हसली. अहो, तुम्हीच की! मी त्याची आई. पोरांना सांगितलेलं नाही, नंबर मीच त्यांच्या फोनमधून काढला. उद्या गावी परत चालले. म्हटलं, जाताना विहिणीकडे पाच मिनिटं टेकावं. आणि हो, तुमचा लेक त्या रविवारपासून नीट जेवत नाही. त्याला आमटी कशी लागते तेवढं सांगा, आज करून घालते.
मुलाने संसार मांडला की आईला विहीण आलीच. हा हिशेब तिने कुठून केला कोण जाणे. पुस्तकाचं तोंड पाहिलेलं नसणार.
माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, रॉंग नंबर.
अगं बाई! सॉरी हं, म्हणाली, आणि ठेवला.

संध्याकाळ
फोन चार्जिंगला लावून समोर ठेवलाय. पुन्हा नंबर बघून लावील, असं वाटलं होतं.
आपण लावायचा तर आवाज ओळखेल, मग दुपारचं काय सांगायचं? जरा वेगळा आवाज काढता येतो का म्हणून स्वयंपाकघरात उभं राहून प्रयत्न केला. विहीणबाई, मी बोलतेय. चिंच कमी घाला. विहीणबाई.
चारपाचदा म्हणून पाहिलं. आवाज माझाच येतो.