अडथळा काढावा

६ ऑक्टोबर
नोकरी लागली, तीही गाडी पळवायची, खुर्चीत बसून. सातपूरच्या या कंपनीत रॅलीचा व्हिडिओ गेम बनतोय. दिवसभर गाडी ठोकायची आणि काय चुकतंय ते लिहून द्यायचं, एवढंच काम. मोहिनी मॅडम म्हणाल्या, मन लावून ठोका. बाबाला फोन केला तर म्हणाला, याचा लय पगार देतात का रे? गंमत म्हणजे गेममधला घाट आमच्याच गावचा, पेठकडचा, ड्रोनने मोजून घेतलेला. वळणावर शिवेच्या वाघदेवाचा दगडसुद्धा आहे, शेंदरासकट. बघून बरं वाटलं.

८ ऑक्टोबर
आमच्याकडे वाघदेवापाशी प्रत्येक गाडी थांबते. नारळ नसला तर निदान हात जोडायचे. इथे शर्यत, थांबतोय कोण? चौदा वेळा त्याच दगडावर आपटलो. डोकं फिरलं. रिपोर्टमध्ये लिहून टाकलं : ‘रस्त्यात अडथळा. काढावा.’ मॅडमनी तासाभरात काढला. शेजारच्या खुर्चीत माझंच काम करणाऱ्या तेजलने टाळी दिली.

१३ ऑक्टोबर
घाट संपतच नाही. शेवटची रेषा आली म्हणावं तर पुन्हा तेच वळण, तीच रिकामी जागा. तेजल चार मिनिटांत पोचते. मीच नाही.
बाबाला सांगितलं. तो म्हणाला, शीव राखणाराच उचललास, आता शीव ओलांडशील कशी? वाघबारशीला घरी ये, देवाच्या पाया पड. ऐकून मला भीती वाटतेय.

१७ ऑक्टोबर, वाघबारस
सकाळीच बाइकवर निघालो. घाट लागला. वळणावर दगड नाही. खराखुरा दगड, तोही नाही.
पुढे तेच वळण. पुन्हा तेच. एकोणीस झाली. मागे फिरलो तरी तेच — पेट्रोलचा काटा हलत नाही, ऊन हलत नाही. रेंज नाही. बाबा नैवेद्य घेऊन थांबला असेल. मला घरी जायचंय.

तारीख —
देवाच्या जागी हात जोडून बसलोय. चुकलं माझं —
खालून इंजिनचा आवाज. हात केला. गाडी सरळ अंगावर — लागलं नाही. मागे सरकली. पुन्हा आली. आत कुणीच नाही. तेजल असणार, खुर्चीत बसून — घसा फुटेस्तोवर हाका मारल्या —
बारा. तेरा. चौदा.
थांबली. आता लिहीत असेल. काय लिहितात ते मला — रस्त्यात अडथळा. का