शेरीतला गूळ

रंजीता,

कोणत्या शेरी दारूसंग काय खा लागते, हे तुह्या भावापेक्षा मले जास्त समजते, असं मी काल छाती ठोकून बोललो. फिकी शेरी थंड करून खाऱ्या शेंगदाण्यासंग, तांबडी मटणासंग. इथवर बरोबर होतं. पण त्यानं आणलेली फिकी चाखली तं गोडाचा पत्ताच नाही. मले वाटलं, नासली. मंग गूळ-विलायची टाकून गंजात भरून फ्रिजात ठेवली. आता तुहा भाऊ फोनवर म्हणे, थे तशीच अगोड असते.

तुह्या मायनं पन्हं समजून दोन गिलास पेले. "जवाईबापू, पन्हं फक्कड झालं!" म्हणे. मी लाजेनं गिलास धुवाले घेऊन गेलो.

मंग तुही माय भजनाले गेली. मी तिले आणाले देवळात चाललो. माफ कर.

लाऊडस्पीकर सुरू झाला. माईक मायच्याच हाती हाय.

बादल