माझ्या मुलाच्या देवा

३ फेब्रुवारी
आजही म्हटलं ह्यांनी. जेवणाआधी टेबलाशी उभं राहून, रोजच्यासारखं — "माझ्या आजोबांच्या देवा, माझ्या बाबांच्या देवा, माझ्या मुलाच्या देवा, तू आहेस." मुलाला जाऊन एकोणीस दिवस झाले. आवाज जरासुद्धा हलला नाही ह्यांचा. मी डोळे मिटून बसले होते. मिटले कसले, आवळले होते.

५ फेब्रुवारी
दुकानात पुन्हा रुजू झाले. मालक म्हणाले, "घाई नव्हती, बाई." घर खायला उठतं, हे त्यांना काय सांगायचं. नऊ चष्म्यांच्या काचा घासून बसवल्या. दहाव्याची हातात तडकली.

एक आजी नाकावरच्या गाद्या बदलायला आल्या होत्या. बोलता बोलता विचारलं, "मुलगा काय करतो तुमचा?"

"पूल बांधतो," मी म्हणाले. निघूनच गेलं तोंडातून. खूश झाल्या, गुणाचा दिसतोय म्हणाल्या.

बांधायचा. बांधत असे. बांधत होता. लिहून बघितलं. एकही खरं वाटत नाही.

९ फेब्रुवारी
काही नाही.

१२ फेब्रुवारी
आज सासऱ्यांची फार आठवण आली. शाळेत भाषा शिकवायचे, दिसेल त्याचं व्याकरण करायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला ही प्रार्थना समजावली होती. "पवित्र शास्त्रात देवाला नाव विचारलंय, तर त्यानं नाम नाही दिलं गं, क्रियापद दिलं. आहे. होता नाही, असेल नाही. म्हणून ते जुनं होत नाही. बापानं मारलेली हाक नातवालाही पुरते." काय आवडलं होतं मला!

मामंजी, आता विचारते. तो आहे, तर अकरा दिवस ताप उतरत नव्हता तेव्हा कुठे होता? आणि ज्यांचा मुलगाच 'होता' झाला, त्यांनी 'मुलाचा देव' कोणत्या तोंडानं म्हणायचं? पिढ्यान्पिढ्या म्हणे. आमच्या पिढ्या दवाखान्यातल्या चार नंबरच्या खाटेवर संपल्या. सहा फुटांचा होता, पाय बाहेर यायचे. चिमण्या म्हणायचो त्याला.

१३ फेब्रुवारी
ह्यांचा राग येतो. माणूस आहे की दगड.

१७ फेब्रुवारी
नणंद आली. चिमण्याचे शर्ट घड्या करून कपाटात लावले तिनं, मला हात लाववेना. मग म्हणाली, "वहिनी, तुला माहीत नसेल. दादाच्या आधीचे दोघं गेले ना, तेव्हा बाबा वर्षभर प्रार्थनेला उभेच राहिले नाहीत. आई एकटी म्हणायची."

मला खरंच माहीत नव्हतं. ते? व्याकरणवाले?

"मग परत कसे उभे राहिले?"

"कोणास ठाऊक. राहिले एक दिवस."

तिला वाटलं, मला धीर येईल. नाही आला. त्यांना नंतर दोन मुलं झाली. मी बावन्न वर्षांची आहे.

२१ फेब्रुवारी
बोलले शेवटी मी. "ते मुलाचं गाळत जा."

"का?"

"कोण मुलगा?"

हातातला ग्लास खाली ठेवला ह्यांनी. म्हणाले, "तेवढं गाळलं तर बाकीचं तरी कशाला म्हणायचं?" आणि न जेवता उठले. वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही.

२२ फेब्रुवारी
सगळं म्हटलं. माझ्याकडे न बघता.

२७ फेब्रुवारी
आज "माझ्या मुलाच्या" म्हणाले हे आणि थांबले. खुर्ची ओढून खाली बसले. "मला नाही जमत आता. दवाखान्यातच संपलं होतं माझं सगळं. पण तू रोज डोळे मिटून बसायचीस. वाटलं, हिला तेवढाच आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा."

"मी तुमच्यासाठी बसत होते," मी म्हणाले.

चिमण्या गेल्यापासून पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं. ह्यांचा विश्वास उरला नव्हता, माझाही नव्हता. मग त्रेचाळीस दिवस ह्या घरात देवाचं ते नाव कोणी चालू ठेवलं?