उखाणा आईचा, शेरा लेकाच्या दाखल्यावर

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब, तालीमात (शिक्षण खातं),
जिल्हा औरंगाबाद.

अर्जदार: झुंबरबाई जौजे रामराव कंटुले, मौजे कुंभार पिंपळगाव, तालुका अंबड. हल्ली मुक्काम नवीन जालना, स्टेशनामागची खोली.

विषय: एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या दाखल्यावर चढवला आहे, तो उतरवून खऱ्या गुन्हेगाराच्या पदरात घालण्याबाबत.

संदर्भ: नवीन जालन्यातील खाजगी हायस्कूलचे हेडमास्तर काकासाहेब यांनी दिलेला शाळा सोडल्याचा दाखला व त्यावरील लाल शाई.

महोदय,

१. अर्जदार बाईचा मुलगा मच्छिंद्र यंदा मॅट्रिक पास झाला. औरंगाबादला पुढे नाव घालायचं तर या महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत दाखला हजर करावा लागतो. दाखला मिळाला आहे. त्यात 'चालचलन' या रकान्यात हेडमास्तरांनी लाल शाईने लिहिलं आहे, "खराब. गुरुजनांची बेअदबी करणारा." असला कागद घेऊन पोरगा गेला तर दारावरचा चपराशीसुद्धा त्याला आत घेणार नाही. अर्ज या तीन-चार लाल शब्दांपायी आहे. ते तिथे कसे आले, ते खाली मांडलं आहे. हुजुरांनी शेवटपर्यंत वाचावं, अर्धवट ठेवू नये.

२. सदर शाळेत चाल अशी आहे की दहावीची पोरं शाळा सोडताना निरोपाच्या दिवशी शेलापागोटे देतात. म्हणजे प्रत्येक मास्तरावर आणि प्रत्येक सोबत्यावर दोन ओळींची थट्टा कागदावर लिहायची, वर ज्याची थट्टा त्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव घालायचं नाही, चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या. ज्याची चिठ्ठी त्याने स्वतः काढायची आणि उभं राहून मोठ्याने वाचायची. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, असा कायदा. हा कायदा अर्जदार बाईने केलेला नाही, हेडमास्तरांनीच दरवर्षी भाषणात सांगितलेला आहे.

३. यंदा रामकिसन नावाच्या मुलाने आपली चिठ्ठी वाचली: "तीन वर्षं एकाच बाकावर, बाकालाही आला लळा, रामकिसन पास झाला तर शाळेचा दाटेल गळा." तो स्वतःच पोट धरून हसला. गणिताचे केशव मास्तर उठले. त्यांची अशी: "फळ्यावर मांडलं गणित, खडू संपला अर्ध्यात, मास्तर उत्तर शोधतात शेजारच्या वर्गात." केशव मास्तरांनी डोळे पुसले, चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "ही मी घरी दाखवणार." माणूस म्हणावा तो असा.

४. मंग हेडमास्तर उठले. त्यांनी वाचलं: "तुपाचा डबा दारात आला, मास्तर हसले गाली;" इथवर ते स्वतःही हसत होते. पुढची ओळ तोंडातून गेल्यावर त्यांना कळली: "रिकाम्या हाताने आला त्याची पाठ छडीनं लाल झाली." सगळा मंडप हसला. नववीची पोरं हसली, चपराशी हसला. हेडमास्तरांनी चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि चहा न पाजताच समारंभ संपवला. चिवडा तसाच टोपल्यात राहिला.

५. दुसऱ्या दिवसापासून तहकीकात सुरू झाली. चार दिवस शाळेत एक अक्षर शिकवलं नाही. पुरावा म्हणून मडकं कपाटात कुलूपबंद केलं. ते नववीच्या वर्गाचं पाण्याचं मडकं होतं, पोरं तहानेने स्टेशनावर पळायची. मडकं कुठून आणलं याचा तपास लागला, तर ते कुंभार पिंपळगावच्या बाजारातलं निघालं. हेडमास्तर म्हणाले, "मडकं त्या गावचं, म्हणजे माणूसही त्याच गावचा." हुजूर, सगळ्या जालन्यात अर्धी मडकी त्या बाजारातली आहेत. त्या हिशेबाने अर्धं जालना गुन्हेगार ठरतं.

६. मंग दहावीच्या अकरा पोरांना एकेक ओळ लिहायला लावून हस्ताक्षर ताडलं. मच्छिंद्रचं वळण चिठ्ठीशी बराबर जुळलं. क ला तसंच शेपूट, ळ तसाच फुगलेला. हेडमास्तरांनी विचारलं, "तू लिहिलंस?" तो म्हणाला, "न्हाई." "मग कोणी लिहिलं?" त्यावर त्याने टाक खाली ठेवला. "माफीनामा लिहून दे." तेव्हा म्हणाला, "जे केलं न्हाई त्याची माफी कशी मागू, सर?" यातलं घरी त्याने काही सांगितलं नाही. भाकर अर्धी टाकून उठायचा. आईला वाटलं, परीक्षेची धास्ती.

७. परवा दाखला आला. पोराने तो घडी घालून ट्रंकेखाली सरकवला. अर्जदार बाईने झाडताना काढला आणि वाचला. रामकिसन जेवायला आला तेव्हा त्याला धरून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, आता काय लपवू? तुझ्या उखाण्यानं मच्छ्याचं वाटोळं झालं."

८. होय. चिठ्ठी अर्जदार बाईने लिहिलेली आहे. मुलगा जालन्याला शिकायला आला तेव्हापासून ती इथे खोली करून त्याला आणि खेड्यावरच्या पाच पोरांना रांधून घालते. ती पोरं म्हणाली, "मावशी, लग्नाकार्यात तुझे उखाणे गाजतेत, आमच्या मास्तरांवर टाक की दोन-चार." पोरांचे हात कालवणात होते, म्हणून कागदावरही तिनेच उतरवलं. आणि वळण जुळणारच. मच्छिंद्र पहिलीत असताना चुलीपुढे पाटी गिरवायचा आणि ती भाकरी थापता थापता राखेत बोटाने तीच अक्षरं काढायची. त्याचा क चुकला की तिचाही चुकला. तिला दुसरा मास्तर नव्हता. आईने लेकाच्या हाताखाली अक्षर घेतलं, हे हेडमास्तरांच्या तहकीकातीत बसलं नाही.

९. हे सगळं सांगायला ती स्वतः शाळेत गेली. हेडमास्तर हसले. म्हणाले, "बाई, लेकराला वाचवायला आई खोटं बोलते, हे मी समजू शकतो. पण बाईमाणसाला लिहिता येतं, हे तरी सांगू नका. यजमानांना पाठवा." तिने सांगितलं, "यजमान अंगठा करतात. कागदपत्र मीच बघते." तरी त्यांनी कारकुनाकडून जबानी लिहवली, "अर्जदार निरक्षर असून पुत्रप्रेमाने बोलत आहे," आणि शाईची गादी पुढे सरकवली. तिने गादी परत ढकलली, टाक उचलला आणि खाली सही केली. त्यावर म्हणाले, "सही गिरवून घेतलेली दिसते." म्हणजे न लिहिणाऱ्या पोराचं अक्षर सापडतं आणि लिहिणाऱ्या बाईचं समोर ठेवलं तरी दिसत नाही. असल्या डोळ्यांनी हे गृहस्थ पोरांचे पेपर तपासतात!

१०. उखाण्यातली गोष्ट खोटी आहे का, ते हुजुरांनीच ठरवावं. अर्जदार बाईच्या म्हशीचं तूप तीन वर्षं दर सणाला हेडमास्तरांच्या घरी गेलं आहे. ती चूक तिची, ती कबूल करते. पोराची पाठ शाबूत राहावी म्हणून दिलं. पुष्पाबाई नावाच्या विधवेच्या पोराकडे द्यायला काही नव्हतं, त्याच्या पाठीवर छडीचे वळ तिने स्वतः हळद लावून बसवले आहेत. तेच दोन ओळींत लिहिलं. बेअदबी वळ उठवण्यात आहे की वळ सांगण्यात?

११. सबब मागणी एवढीच. मच्छिंद्रच्या दाखल्यावरील लाल शेरा पंचवीस तारखेच्या आत रद्द व्हावा. शेरा वाया घालवण्याची हेडमास्तरांची तयारी नसेल, तर तो अर्जदार बाईच्या नावाने वेगळ्या दाखल्यावर द्यावा: झुंबरबाई, चालचलन खराब, बेअदबी करणारी. वर शाळेचा शिक्का मारावा. तिला जन्मात कोणत्या शाळेचा कागद मिळालेला नाही. हा मिळाला तर ती दारावर लावील आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः वाचून दाखवील.

१२. पुरावा म्हणून दुसरं काही शोधायची गरज नाही. हा अर्ज कोणा अर्जनवीसाकडून लिहवलेला नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एका हाताचा आहे. चुरगळलेली चिठ्ठी हेडमास्तरांच्या कपाटात, मडक्यात आहे. ती मागवून या कागदाशेजारी ठेवावी. तरी शंका उरली तर हुजुरांनी बोलवावं. आपल्या टेबलावर, आपल्याच टाकाने, आपल्यावरही दोन ओळी लिहून दाखवण्यास ती तयार आहे.

हुजुरांच्या निकालाची वाट पाहणारी, माफी न मागणारी,
झुंबरबाई जौजे रामराव कंटुले
(स्वहस्ते)

नवीन जालना, तारीख ९ अमरदाद १३५४ फसली (इंग्रजी जून १९४५)

सोबत:
१. मच्छिंद्रचा दाखला, लाल शाईसह.
२. तुपाचा डबा, रिकामा. हेडमास्तरांच्या घरून परत आलेला, झाकणावर अर्जदार बाईच्या हाताने 'झुं' असं कोरलेलं.
३. अंगठ्याचा ठसा: जोडलेला नाही.