इश्वरची दारू सुटल्यानंतरची वाटणी

मी, सुलोचनाबाई यादोराव लंजे, विधवा, राहणार सानगडी, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहवून ठेवते. शुद्धीत राहण्याचे काम या घरात आजवर माझ्याकडेच होते.

एक. राहते घर आणि तलावाखालची धानाची बांधी मुलगा इश्वर यास द्यावी. तो मोहाची दारू पीत असे. भजनमार्गाला लागला आणि सुटली, हे कबूल. मार्गाचा नियम असा की एकट्याने सोडून चालत नाही, सगळ्या घराने शपथ घ्यावी. म्हणून जन्मात थेंब न चाखलेल्या मीही हात वर करून दारू सोडली. मार्गात एकच परमेश्वर मानायचा, म्हणून घरचे देव तलावात सोडायला लावले, तेही सोडले. इश्वर म्हणतो, परमेश्वराने सोडवली. सोडवली असेल. पण दिवेलागणीला, भट्टीकडे जायच्या नेमक्या वेळी, मार्गाचे गोमाजी माणसे घेऊन ओसरीवर भजनाला बसत, म्हणून याचा पाय अडला. त्या सगळ्यांचा चहा मी केला. त्याचे नाव कोणी घेत नाही.

दोन. बांधावरची मोहाची झाडे मुलगी उषा हिला. इश्वर ती तोडायला कुऱ्हाड घेऊन निघाला होता. झाडाने त्याच्या तोंडात ओतली नव्हती.

तीन. मागची खोलीही उषाची. तिच्या सासरी देव्हारा आहे म्हणून इश्वरने तिचे माहेर बंद केले. पीत होता तेव्हा हीच त्याला नालीतून उचलून आणायची. तिने खुशाल देवांसकट यावे. भजन करणाऱ्याने एवढे सोसावे.

चार. इश्वरने पुन्हा घेतली तर घर उषाच्या नावे व्हावे, असे लिहा, असे हा कागद लिहिणारे सोमाजी मास्तर सुचवतात. इश्वर स्वतःच म्हणाला, "माय, म्या घेतली तं मले घरातून हाकलून देजो. भेव नसला तं मी टिकत नाही."

असे काहीही लिहायचे नाही. त्याने घेतली तर त्याला जेवू घालावे आणि सकाळी पुन्हा शपथ द्यावी. परत घेतली तर परत द्यावी. तेव्हा मार्गाचा नियम कोणी सांगू नये.

पाच. याची पुन्हा सुरू होईल ही धास्ती रोज संध्याकाळी माझ्या पोटात असते. माझ्यामागे ती उषा आणि गोमाजी यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

गोमाजी साक्षीला बसले होते. मास्तर म्हणाले, वाटेकऱ्याला साक्षीदार होता येत नाही. गोमाजी उठले आणि शेजारच्या बाबुलालला बोलावून आणले.

निशाणी डावा अंगठा, सुलोचनाबाई
साक्षीदार : बाबुलाल (सही), शकुनबाई (अंगठा)
लिहिणार : सोमाजी मास्तर
मु. सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा
१४ नोव्हेंबर १९८३