रस्त्याकडेची आमची विहीर

प्रिय सावनी,

तू पुण्याला गेलीस तेव्हाचा देवळाईचा रस्ता आता शोधून सापडायचा नाही. ज्या मुरमाड कडेनं आपण शाळेतून सायकली ढकलत यायचो, तिथं सळ्यांची दुकानं, मंगल कार्यालयं आणि सात मजली इमारती आहेत. आई आता एकटी रस्ता ओलांडत नाही. आमचं पत्र्याचं घर आणि आबांनी खणलेली विहीर मात्र आहे तिथंच आहे.

तुला दोन हजार बाराचा दुष्काळ आठवत असेल. तुमच्या कॉलनीतले बोअर आटले, टँकरचा भरवसा नव्हता, आणि आमच्या विहिरीला पाणी होतं. आधी तुमची मोलकरीण यायची. आईनं तिला विचारलं, "आमचं पाणी चालतं व्हय त्यांना?" ती म्हणाली, "देवाला नाय, प्यायला." मग एका दुपारी तुझी आई, आमच्या दमयंतीकाकू, स्वतः कळशी घेऊन आल्या, मागं तुझा भाऊ मंदार. त्यांनी दोर धरला तशी आई म्हणाली, "बाई, हात सोलतील," आणि आपल्या पदरानं त्यांची बोटं गुंडाळून दिली. पाऊस येईपर्यंत दोघी सोबतच पाणी शेंदत होत्या. काकू गेल्या त्या दिवशी आई तुमच्या ओट्यावर अन्नपाण्यावाचून बसून होती.

आता रस्ता रुंद होणार आहे आणि विहीर बुजवायचं चाललंय. मोजणीला आलेले साहेब म्हणाले, विहीर लोकांच्या वापरातली असेल तर रस्ता समोरच्या बाजूला सरकवता येईल. समोरचा मोकळा प्लॉट मंदारनं घेतलाय. परवाच्या बैठकीत तो उठून म्हणाला, "ती विहीर कायम कोरडीच होती. तिचं पाणी कुणी कधी प्यायलं नाही." आई पुढच्याच खुर्चीत होती. घरी आल्यावर चपला काढताना एवढंच म्हणाली, "लई मोठा झाला पोरगा."

गुरुवारी सुनावणी आहे. बहीणभावात वितुष्ट नको, सावनीला काही कळवू नको, असं आईनं मला बजावलंय. तरी मी लिहितेय. मंदारशी भांड, असं मी म्हणत नाही. तू ये, आणि त्या उन्हाळ्यात तुमच्या घरात कुठलं पाणी होतं, तेवढं सगळ्यांसमोर सांग. तू आली नाहीस तर मी सांगेन, काकूंचं नाव घेऊन सांगेन. पण काकूंबद्दल त्यांच्या लेकीनं बोलावं, असं मला वाटतं.

तुझीच, वाट बघणारी
मेघा